शाळेचे छत कोणी तपासायचे?

पावसाळा तोंडावर आला की आमच्या नगरात जुन्या वाड्यांना नोटिसा लागतात. (आता 'अहिल्यानगर' म्हणायचे, पण आमच्या पिढीच्या जिभेवर 'नगर'च बसले आहे. सवय जायला वेळ लागेल!) इमारत धोकादायक आहे, उतरवून घ्या किंवा दुरुस्त करा, अन्यथा जबाबदारी तुमची, असा त्यातला मजकूर. वाड्यात मालक आणि भाडेकरू यांचे भांडण वर्षानुवर्षे चाललेले असते. नोटीस दारावर चिकटते, पावसाने भिजते आणि दिवाळीपर्यंत गळून पडते. वाडा मात्र तसाच उभा.

तरीही शहरात निदान कायदा तरी आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या २६५-अ या कलमाप्रमाणे ३० वर्षे झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घेऊन तसा दाखला द्यावा लागतो. न दिल्यास २५ हजार रुपये किंवा वर्षाचा मालमत्ता कर, यांतली जी रक्कम जास्त असेल तेवढा दंड. धोकादायक इमारतींची वर्गवारीही ठरलेली आहे. 'सी-१' म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची, 'सी-२ अ' म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, 'सी-२ ब' म्हणजे माणसे आत असताना दुरुस्त करायची आणि 'सी-३' म्हणजे किरकोळ डागडुजी. अंमलबजावणी कशी होते ते आपण जाणतोच, पण बोट ठेवायला कागदावर कलम तरी आहे.

आता शहराची हद्द ओलांडून खेड्यात चला. तिथे गावातली सगळ्यात जास्त माणसे एकाच छपराखाली दिवसभर बसतात ती जागा म्हणजे जिल्हा परिषदेची शाळा. आणि ही ३० वर्षांच्या दाखल्याची अट शहरी हद्दीपुरतीच! खेड्यातल्या शाळेला ती लागत नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्याच नगर तालुक्यातल्या निंबोडी गावात पाऊस चालू असताना जिल्हा परिषद शाळेच्या वर्गाचे छत कोसळले. तीन मुले गेली, कित्येक जखमी झाली. तेव्हा सगळा जिल्हा हळहळला. मग धोकादायक खोल्यांच्या याद्या झाल्या, पाडायच्या खोल्यांचे प्रस्ताव निघाले. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

मी आयुष्यभर शाळेत काढले, त्यामुळे या प्रस्तावाचा प्रवास मला ठाऊक आहे. पडकी खोली पाडायची तर तिचे 'निर्लेखन' व्हावे लागते. मुख्याध्यापकाने प्रस्ताव करायचा, शाळा समितीचा ठराव जोडायचा, तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचा, तिथून बांधकामाच्या अभियंत्याने येऊन पाहायचे, मूल्यांकन करायचे, मग जिल्हा परिषदेची मंजुरी. एका टेबलावर त्रुटी निघाली की प्रस्ताव परत पहिल्या घरात, सापशिडीसारखा. दरम्यान वरून परिपत्रक येते, 'धोकादायक खोलीत विद्यार्थ्यांना बसवू नये.' बरोबरच आहे. पण बसवायचे कुठे? चार वर्गांना दोन खोल्या, त्यांतली एक धोकादायक. मग कुणी व्हरांड्यात, कुणी मारुतीच्या देवळात, कुणी झाडाखाली. पाऊस आला की सगळी एका खोलीत. पर्याय न देता काढलेला आदेश हा मुलांच्या डोक्यावरचे छत सावरत नाही, फक्त उद्याच्या चौकशीत काढणाऱ्याचे अंग सावरतो. कडू वाटेल, पण मला तसेच वाटते.

मुळातला घोटाळा असा की इमारतीची मालक जिल्हा परिषद, दुरुस्ती करणारा विभाग तिचाच, तपासणारा अभियंता तिचा आणि आत शिकवणारा शिक्षकही तिचाच. मग नोटीस कोणी कोणाला द्यायची? वाड्याच्या मालकाला दंड होऊ शकतो, सरकार स्वतःला दंड करत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने यावर २००९ मध्येच सांगून ठेवले आहे. तमिळनाडूतल्या कुंभकोणम येथे २००४ साली शाळेला आग लागून ९४ मुले गेली. त्यानंतरच्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात न्यायालयाने बजावले की शाळांच्या इमारती राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे सुरक्षित हव्यात आणि प्रत्यक्ष तपासणी केल्याशिवाय दाखला देऊ नये. हे सरकारी आणि खाजगी दोन्ही शाळांना लागू. तरी जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीच्या सरकारी शाळेचे छत कोसळून सात मुले गेलीच. निंबोडी आणि पिपलोदीत आठ वर्षांचे अंतर, पण बातमी तीच.

बरे, छत काही एका रात्रीत पडत नाही. आधी गच्चीवरची पन्हळ पाल्याने तुंबते. पाणी साचते, स्लॅबमध्ये मुरते, आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि खालचे पोपडे पडू लागतात. भिंतीच्या सांध्यात पिंपळाचे रोप उगवते. ते उपटायला कोणी नसते, कारण 'तेवढ्यासाठी' तरतूद नसते! सादिलच्या पैशात खडू आणि वीजबिल भागले तरी खूप. शाळेला मिळणारे वार्षिक अनुदानही पटसंख्येवर ठरते. पण गळणारे छत पट मोजून गळत नाही. वीस मुलांच्या शाळेचे छतही तेवढेच जड असते.

काही जण म्हणतील, एवढ्या शाळा तपासायला अभियंते कुठून आणायचे? आणि सगळ्याच जुन्या खोल्या धोकादायक ठरवल्या तर शाळा भरवायची कुठे? शंका रास्त आहे. शिवाय जुने ते सगळे वाईट असेही नाही. महाडची तारीक गार्डन इमारत २०२० साली कोसळून १६ जण गेले, तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती. म्हणून वय पाहून सरसकट निकाल लावू नये, तर ठरल्या वेळी डोळ्यांनी पाहावे, एवढेच माझे म्हणणे.

माझ्या मते तीन गोष्टी फार खर्चाशिवाय होतील. पहिली, प्रत्येक शाळेच्या दर्शनी भिंतीवर 'इमारत शेवटची कधी तपासली, कोणत्या पदाच्या अधिकाऱ्याने, शेरा काय' हे रंगवावे. मध्यान्ह भोजनाचा तक्ता रंगवतोच ना आपण? दुसरी, निर्लेखनाच्या प्रस्तावावर प्रत्येक टेबलाला दिवसांची मुदत असावी आणि खोली बंद करण्याच्या आदेशासोबतच पर्यायी जागेची व्यवस्थाही लिहिलेली असावी. तिसरी, तपासणी जिल्हा परिषदेबाहेरच्या माणसाने करावी. जिल्ह्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, तंत्रनिकेतने आहेत. त्यांचे प्राध्यापक आणि विद्यार्थी उन्हाळ्यात निदान प्राथमिक पाहणी तरी नक्की करू शकतील.

आणि थोडे आपणही. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के जागा पालकांना दिल्या आहेत. त्या समितीच्या सभेत गणवेश आणि सहल यांवर तासभर चर्चा होते, छतावर होत नाही. पुण्या-मुंबईला किंवा परदेशात स्थायिक झालेली आपली भाचे-पुतणे मंडळी गावी आली की शाळेला संगणक देतात, घड्याळ देतात, फोटो निघतो. चांगलेच आहे. पण पुढच्या वेळी गेलात तर आधी शिडी लावून गच्चीवर चढा, पन्हळ मोकळी आहे का बघा, पिंपळ उगवलाय का बघा. त्याचा फोटो काढून गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्जासोबत द्या आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.