रस्ता कोणाच्या बापाचा?



शहराचा विकास आराखडा कधी नीट बघितलाय? नसेल तर बघा. त्या कागदावर जात लिहिलेली नाही. पण जात आहे.

गावात महारवाडा दाखवायला पाटी लागत नव्हती. गावाच्या पूर्वेला, आमच्या अंगावरचा वारा गावावर जाणार नाही अशा बेतानं. मुंबईत तरी काय वेगळं? ज्या १९२७ साली बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, त्याच साली देवनारला शहराचा कचरा पडायला लागला. मी गोवंडीचा. वारा कुठून येतो ते मला शिकवू नका.

१९२३ साली बोल्यांनी कौन्सिलात ठराव मांडला. सरकारी पैशानं बांधलेली पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुली करा. १९२४ साली वैकोमला लोक देवळात शिरायला नव्हे, देवळाभोवतीच्या रस्त्यावरनं नुसतं चालायला सत्याग्रह करत होते. म्हंजे आपली लढाई पाण्याची, तशी रस्त्याचीही. ती संपली असं तुम्हाला कोणी सांगितलं?

आता पाटी बदललीय. २००९ चा वांद्रे-वरळी सागरी सेतू. जानेवारी २०२४ चा अटल सेतू. मार्च २०२४ चा सागरकिनारा मार्ग. तिन्हींवर दुचाकी आणि तीनचाकीला मनाई. साहेब म्हणतात, ही बंदी सुरक्षेसाठी. असेल. वेगाच्या रस्त्यावर दुचाकी धोक्याचीच, मी नाकारत नाही. पण वेगाचाच रस्ता आधी का, हे सांगा की राव! सागरकिनारा मार्गावर महापालिकेचा १३ हजार कोटींहून जास्त पैसा गेला. लांबी साडेदहा किलोमीटर. आणि बेस्ट त्याच महापालिकेचा उपक्रम. २०१० च्या आसपास तिच्याकडं चार हजारांवर बस होत्या. आता एकूण ताफा तीन हजारांच्या आत, त्यातल्या स्वतःच्या मालकीच्या काही शेच. बाकी ठेकेदाराच्या. मे २०२५ मध्ये पाच रुपयांचं तिकीट दहा रुपये झालं. मोटारवाल्याला समुद्र बुजवून रस्ता, आणि धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईला दुप्पट तिकीट. याला नियोजन म्हणायचं?

हिशेब सोपा आहे. तीन मोटारींच्या जागेत एक बस उभी राहते. तीन मोटारींत चार-पाच माणसं. बसमध्ये साठ. मुंबई महानगराच्या २००८ च्या वाहतूक अभ्यासात निम्म्याच्या आसपास फेऱ्या पायी निघाल्या. म्हंजे या शहराचं पहिलं वाहन पाय. १९९५ नंतर युती सरकारनं पन्नासावर उड्डाणपूल काढले. पायाला काय दिलं? फुटपाथ. तोही मधेच संपणारा. उरलेला माणूस लोकलला लटकतो. सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टनच्या अरुंद जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली. दरसाल दोन हजारांवर माणसं मुंबईच्या रुळांवर मरतात. एवढी माणसं पुराने मेली असती तर दिल्ली हलली असती.

आणि रस्ता रुंद करायचा म्हटला की पहिलं घर कोणाचं जातं? सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यात घरंदुकानं गेलेल्या लोकांनी थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडं तक्रार केली. मार्च २००६ मध्ये बँकेला काही काळ पैसा रोखावा लागला. लोक उठले तर बँकही थांबते, हे लिहून ठेवा. रस्ता २०१४ ला खुला झाला. उठवलेली माणसं मात्र मानखुर्द, वाशीनाक्याच्या पुनर्वसनाच्या इमारतींत. कामाचं ठिकाण तिकडं, घर इकडं. मधलं अंतर आमच्या खिशातनं.

आता थोडं आपल्याबद्दल. चौकाला बाबासाहेबांचं नाव मिळालं की आपण ढोल वाजवतो. वाजवा. नावासाठी आपण रक्त दिलंय. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात विटंबनेविरुद्ध लोक हायवेवर उतरले आणि गोळीबारात दहा माणसं पडली. ते विसरणारा आपला नव्हे. पण ज्या चौकाला नाव मिळालं तिथं आपली म्हातारी रस्ता ओलांडू शकते का, हे कोण विचारणार? पुतळ्याला हार घालताना नजर वर असते. एकदा खाली बघा. गटार उघडं आहे. त्यात उतरणारा कोण आहे तेही तुम्हाला माहीत आहे.

मला उड्डाणपुलाचा राग नाही. शहर वाढणार. वाढू दे. पण शरीरात नुसत्या मोठ्या शिरा जाड केल्या आणि बारीक शिरा आवळल्या, तर हातपाय सडतात. मोठा रस्ता, मधला रस्ता, वस्तीतली गल्ली, तिन्ही एकमेकांना जोडलेले पाहिजेत. प्रत्येक वस्तीतून चालत जाता येईल असा बसथांबा पाहिजे. मोठ्या रस्त्यावर बसला वेगळी मार्गिका पाहिजे. सलग फुटपाथ पाहिजे. आणि ज्याचं घर जातं, त्याला कामाच्या जवळ घर पाहिजे. ही भीक नाही. सार्वजनिक पैशाचा हिस्सा आहे.

१९६६ च्या नगररचना कायद्यानं हरकत घ्यायचा हक्क दिलाय. २०१५ ला मुंबईचा आराखडा हजारो हरकतींनंतर नव्यानं करायला लावावा लागला. त्यातल्या किती हरकती आपल्या वस्त्यांतून गेल्या होत्या? तेव्हा प्रत्येक बुद्धविहारात नकाशा टांगा. वंदना झाली की तो वाचा. पोरांना टेप घेऊन पाठवा, फुटपाथ मोजा, थांबे मोजा, हरकती लिहा. ऐकलं नाही तर रस्त्यावर या.

रस्ता झाडतो आम्ही. खडी फोडतो आम्ही. डांबर टाकतो आम्ही. त्यावरनं चालायला परवानगी मागणार नाही.

जयभीम.