रान रिकामं कुणी केलं?

आपल्या गावांतली पोरं-पोरी पुण्याला हॉस्टेलवर राहून शिकतात, कुणी बांधकामावर बिगारी करतात. त्यांच्यापैकी एकानं एका टूर कंपनीचं रंगीत पत्रक आणून दिलं. केनिया-टांझानियाची सफारी, आठवड्याभराची, माणशी काही लाख रुपये. जेवण मराठी, वाटाड्या मराठी. पत्रकावर सिंह, हत्ती, पिवळं गवत. खाली कोपऱ्यात लाल कापड पांघरून उंच उडी मारणारे मसाई. म्हणजे सकाळी जनावरं बघायची आणि संध्याकाळी आदिवासी.

कुणी म्हणेल, पुण्यातला माणूस स्वतःच्या पैशानं आफ्रिकेला गेला तर आपल्या पोटात का दुखावं? त्याच्या फिरण्याशी आमचं भांडण नाही. भांडण आहे ते तिथून तो जे डोळ्यांत भरून आणतो त्याच्याशी. रान म्हणजे माणूस नसलेली जागा आणि आदिवासी म्हणजे नाच करणारा, हे तो तिथं शिकतो. तेच डोळे घेऊन पावसाळ्यात भीमाशंकरला येतो, उन्हाळ्यात ताडोबाला जातो. त्यांच्यातलेच काही साहेब होतात, पेपरात लिहितात, कुठल्या गावानं उठायचं ते ठरवतात.

ते पिवळं गवत मोकळं दिसतं, पण ते मोकळं नव्हतं. तिकडं पाऊस कमी. मसाई लोक गुरं घेऊन पाण्याच्या मागं हिंडायचे. शिकारीचं मांस खायची त्यांची रीत नाही, त्यामुळं हरणं आणि गुरं एकाच माळावर चरायची. इंग्रजांनी १९०४ आणि १९११ साली करार करून केनियातल्या चांगल्या कुरणांतून त्यांना हलवलं आणि ती जमीन गोऱ्या मळेवाल्यांना दिली. टांझानियात सेरेंगेटीचं राष्ट्रीय उद्यान झालं. १९५८ साली मसाई म्हाताऱ्यांकडून करार लिहून घेतला आणि १९५९ मध्ये माणसं बाहेर काढली. शेजारी न्गोरोंगोरोला राहा, तिथं तुम्हाला कुणी हात लावणार नाही, असं सांगितलं. १९७५ साली तिथंही शेती बंद केली. जून २०२२ मध्ये लोलियोंडो भागात १५०० चौरस किलोमीटरवर सरकार खांब रोवायला आलं, लोक आडवे आले, गोळीबार झाला, शेकडो माणसं हद्द ओलांडून केनियात पळाली. पत्रकात यातलं अक्षर नाही.

शब्द काढून ठेवा आणि आपली नावं घाला, गोष्ट तीच आहे. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं, सुमारे १३० चौरस किलोमीटर. त्या आधी तिथं काय कुणी राहत नव्हतं? महादेव कोळ्यांच्या देवराया होत्या, नाचणी-वरईची खाचरं होती, बाळहिरडा गोळा करून घर चालत होतं. शेकरू ज्या झाडांवर उड्या मारतं ती झाडं कुणी राखली? वाघबारशीला आपण वाघाला नैवेद्य दाखवतो. शहरातला माणूस वाघाला तिकीट काढून बघतो आणि आपल्याला सांगतो की तुम्हाला वाघाची कदर नाही! मेळघाटात १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथल्या कोरकू गावांना खाली सपाटीवर आणलं. जमीन देऊ म्हणाले ती मिळाली नाही, असं म्हणत त्यातली माणसं जानेवारी २०१९ मध्ये परत जुन्या गावठाणावर गेली आणि पोलिसांशी, वनखात्याशी मारामारी झाली.

आता आफ्रिकेतलीच दुसरी गोष्ट. ती नीट वाचा, कारण ती आपल्या कामाची आहे. बोत्सवाना देशात कालाहारीचं कोरडं रान आहे. सान लोक तिथले जुने रहिवासी. सरकारनं १९९७ आणि २००२ साली त्यांना उठवलं, बोअरवेल बंद करून टाकली. लोक कोर्टात गेले. डिसेंबर २००६ मध्ये कोर्टानं सांगितलं की यांना काढणं बेकायदा होतं. त्याच डिसेंबरात आपल्याकडं दिल्लीत वनहक्क कायदा पास झाला. पण तिथल्या सरकारनं काय केलं? अर्जात ज्यांची नावं होती त्यांनाच हा निकाल लागू, बाकीच्यांनी परमिट काढून या, असं धरलं. पाण्यासाठी पुन्हा कोर्ट करावं लागलं, २०११ साली तो हक्क मिळाला. अर्जात नाव नसलं की जिंकलेला माणूसही दारातच उभा राहतो.

सफारीतून गावाला पैसा मिळतो, असंही ऐकवतात. मिळतो, नाही असं नाही. मसाई मारा भागात काही मसाई स्वतःची जमीन लॉजवाल्यांना भाड्यानं देतात, एकराप्रमाणं भाडं येतं. पण ते येतं ज्याच्या नावावर कागद आहे त्याला. बहुतेक कागद पुरुषांच्या नावावर आहेत, बाया मणी ओवून विकतात. आपल्या कायद्यात कलम ४ मध्ये नवराबायको दोघांच्या नावानं हक्क द्यायचा, असं लिहिलंय. आपल्या किती पट्ट्यांवर बायकोचं नाव आहे ते घरी जाऊन बघा.

इकडं जुन्नरला आंबेगव्हाणात बिबट सफारी करायचं सरकारनं जाहीर केलंय. उसात बिबट्या माणूस धरतो तेव्हा गावानं गप्प बसायचं, आणि त्याच बिबट्याचं तिकीट मात्र सरकार फाडणार. उद्या तिथं सांस्कृतिक कार्यक्रम ठेवतील, आपल्या तारपावाल्याला, बोहाड्यातल्या सोंगांना बोलावतील. पुण्याला आपलं सगळं आवडतं: वारली चित्र भिंतीवर, मुखवटा संग्रहालयाच्या काचेत, नाच स्टेजवर. दावा तेवढा आवडत नाही. नाचायचं की नाही, कुणासमोर आणि किती पैशात, हे ग्रामसभा ठरवेल, लॉजचा मॅनेजर नाही.

जून २०२४ मध्ये दिल्लीच्या व्याघ्र प्राधिकरणानं राज्यांना पत्र धाडलं. वाघांच्या गाभ्यातली ५९१ गावं, ६४ हजार ८०१ कुटुंबं. ती कधी हलवणार त्याचं वेळापत्रक मागितलं. कायदा काय म्हणतो? आधी हक्कांचे सगळे दावे निकाली काढा, मग दुसरा काही उपाय नाही हे दाखवा, मग ग्रामसभेची लेखी संमती घ्या. पंधरा लाखांचा आकडा दाखवून घराघरातून वेगळी सही घेणं म्हणजे संमती नाही. पैसे वाईट आहेत असं आम्ही म्हणत नाही. पण रान गेलं की पंधरा लाख किती दिवस पुरतात ते मेळघाटच्या माणसाला विचारा.

म्हणून ज्या गावांनी सामूहिक वनहक्काचा दावा अजून टाकला नाही त्यांनी पावसाआधी टाकावा. ग्रामसभेला निम्मी माणसं लागतात, त्यात एक तृतीयांश बाया. कोऱ्या कागदावर सही-अंगठा कुणी देऊ नये, सर्व्हेवाला आला तर ठरावाची नक्कल दाखवावी आणि त्याच्याकडून पोच घ्यावी. दाव्यात पाड्यातलं एकही घर सुटता कामा नये, पुण्याला कामाला गेलेल्यांचीही नावं घाला. म्हाताऱ्यांचे जबाब आत्ताच लिहून काढा. देवराई कुठं, गुरं कुठं चरायची, हिरडा कोणत्या रानातला, पाणवठा कुणाचा, हे त्यांनाच माहीत आहे आणि कायदा त्यांचा जबाब पुरावा म्हणून धरतो. सोबत निस्तार पत्रक किंवा जुनी पाहणी यासारखा दुसरा एक पुरावा जोडावा लागेल, तो तहसीलला जाऊन मागा. नाही म्हणाले तर नकार लेखी मागा आणि तो कागद आमच्याकडं पाठवा.