एका हाताने मिटणारी बाबागाडी

गेल्या दिवाळीत याच पानावर मी फराळाच्या डब्यांविषयी लिहिले होते. तेव्हा कुणी सांगितले असते की, ‘पुढच्या दिवाळीत तुम्ही बाबागाडीवर लिहाल,’ तर मी हसून चकलीचा सोऱ्या पुन्हा हातात घेतला असता. पण नातवंड घरात आले की माणसाच्या विषयांना धरबंद राहत नाही, हे वाचक भगिनींना मी सांगायला नको.

बाबागाडी म्हटली की माझ्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो सिनेमातल्या साहेबाचा बंगला. हिरवळ, मोठ्या चाकांची काळी गाडी, ती ढकलणारी पांढऱ्या कपड्यांतली आया आणि गाडीत कुणालाही न दिसणारे मूल! आपल्या घरांतून कसली आली आहे बाबागाडी? बाळाला दुपट्यात गुंडाळले, काखोटीला मारले की निघालो. मी दोन मुले अशीच वाढवली आणि त्याचा मला, खरे सांगते, बराच ताठा होता.

म्हणून माझ्या मुलाच्या कचेरीतल्या मित्रांनी छकुलीच्या बारशाला एक भली थोरली बाबागाडी भेट दिली, तेव्हा मी नाक मुरडले. गाडी सुंदर होती, यात शंका नाही. दणकट चाके, वर छत, खाली सामानाचे टोपले, दुधाच्या बाटलीला वेगळी खोबण. आमच्या ह्यांनी ती वजनकाट्यावर चढवून पाहिली. तेरा किलो! हे निवृत्त इंजिनियर आहेत. घरात कुठलीही वस्तू आली की आधी तिचे माप आणि वजन होते, मग तिचा उपयोग.

आता घरची हकिगत थोडी सांगायला हवी. मुलगा नोकरीसाठी बंगलोरला, महिन्यातून एकदा येतो. सूनबाई पुण्यात आमच्यापाशी. तिचे माहेर दादरचे. तिच्या आईला गेल्या वर्षी पक्षाघाताचा झटका आला आणि उजवे अंग लुळे पडले. वडील नाहीत, भाऊ परदेशी. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी सकाळी ‘दख्खनच्या राणी’ने निघायचे, औषधपाणी, डॉक्टर, बाईची व्यवस्था पाहायची आणि रविवारी परतायचे, असा तिचा नेम. छकुली नऊ महिन्यांची, अंगावर पिणारी. तिला मागे ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

एकदा मी सोबत गेले. म्हटले, बाबागाडी आहेच, तीही घेऊ. दादरला गाडी थांबते ती जेमतेम. आम्ही उतरलो खऱ्या, पण पुढे पुलाचा जिना आला. गाडी मिटवायला दोन हात आणि एक पाय लागतो. सूनबाईच्या एका हातात छकुली, खांद्यावर दुपट्यांची पिशवी. मी खटपट करायला वाकले आणि कमरेत अशी कळ आली की तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. मागून लोकांचा लोंढा. कुणी ‘बाजूला व्हा’ म्हणते, कुणी वळसा घालते. छकुलीने भोकाड पसरले. शेवटी कॉलेजातल्या दोन मुलांनी ती गाडी पालखीसारखी उचलून वर नेली. देव त्यांचे भले करो!

घरी आल्यावर मी आठ दिवस अंथरुणावर. पुढच्या शुक्रवारी सूनबाई निघाली नाही. मी विचारले, तर भाजी निवडता निवडता म्हणाली, “आई, आता माझ्याच्यानं होत नाही. छकुली जड झाली आहे. ती पायावर उभी राहीपर्यंत मी फोनवरच बोलेन आईशी.”

ती सहज म्हणाली, पण मला ते सहज घेता येईना. 1986 साली माझ्या पदरात तीन वर्षांची मुलगी आणि काही महिन्यांचा मुलगा होता. माहेर चिपळूणला. तेव्हा कोकण रेल्वे कुठली? एस.टी.ने कराडवरून कुंभार्ली घाट उतरून जायचे. आई आजारी असल्याची पत्रे येत होती. दोन मुले घेऊन हा प्रवास कसा करायचा, म्हणून मी ‘थोरली जरा मोठी होऊ दे’, ‘पावसाळा सरू दे’ असे करीत राहिले. पावसाळा सरला, पण आई त्याआधीच गेली. मी पोचले ती तेराव्याला. काखोटीला मारून मुले वाढवल्याचा ताठा मी मिरवीत होते ना, त्या काखोटीचा हा दुसरा हिशेब मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

त्या रात्री मी ह्यांना म्हटले, “अहो, तुमचा टेप काढा. आपल्याला दुसरी गाडी घ्यायची आहे.”

झाले! ह्यांच्या उत्साहाला उधाण आले. दोन दिवस वाचन करून तिसऱ्या दिवशी चहाबरोबर आम्हाला व्याख्यान. म्हणे, इंग्लंडात विल्यम केंट नावाच्या गृहस्थाने 1733 साली एका ड्यूकच्या मुलांसाठी गाडी बनवली, ती बोकडाने किंवा लहानशा तट्टाने ओढायची. पुढे बरीच वर्षे गाड्या वाढत गेल्या, त्या हलक्या होण्याचे नाव नाही. 1965 च्या सुमारास ओवेन मॅक्लारेन या निवृत्त विमान-इंजिनियराची मुलगी परदेशाहून तान्ह्या मुलाला घेऊन आली. तिची ती अवजड गाडीशी चाललेली झटापट या आजोबांना पाहवेना. दुसऱ्या महायुद्धातल्या ‘स्पिटफायर’ विमानाच्या चाकांच्या मिटत्या पायांवर त्यांनी काम केले होते. तीच विद्या वापरून त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी केली. वजन जेमतेम पावणेतीन किलो.

“बघ,” हे म्हणाले, “निवृत्त इंजिनियर आजोबा काय करू शकतो!”

“त्यांनी गाडी बनवली,” मी म्हटले, “तुम्ही नुसती विकत आणा, तेवढे पुरे.”

दुकानात जाताना मी आठ किलो तांदळाची पिशवी बरोबर घेतली. सूनबाई लाजून चूर! पण छकुलीचे वजन साधारण तेवढेच. रिकामी गाडी दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर कुठलीही छान पळते. तिची परीक्षा ओझे ठेवल्यावर आणि बाहेरच्या खडबडीत पदपथावर. दुकानदार भला होता, त्याने हसत हसत परवानगी दिली.

पहिली गाडी छत्रीघडीची. चार किलोची आणि किमतीला सगळ्यांत स्वस्त. माझा जीव तिच्यात अडकला. पण मिटल्यावर ती जाडीला बारीक होते खरी, लांबीला मात्र जवळजवळ मीटरभर राहते. ह्यांनी टेप लावून दाखवले की ती डोक्यावरच्या फळीवर आडवी बसेल, पण सीटखाली बसणार नाही. शिवाय तिची पाठ मागे झुकत नव्हती. तीन-साडेतीन तासांच्या प्रवासानंतर मूल गाडीत झोपी गेले की त्याची मान लोंबणार. ज्यांचे मूल चांगले बसते आहे आणि ज्यांना बागेपर्यंतच जायचे आहे, त्यांना ती उत्तम.

दुसरी परदेशी. सहा किलोची, मिटली की हातबॅगेएवढी. विमानात डोक्यावरच्या कप्प्यात मावावी म्हणूनच अशा गाड्या आखतात. किंमत ऐकून ह्यांनी टेप गुंडाळून खिशात घातला.

तिसरी सात किलोची, त्याच घाटाची, पण आपल्या आवाक्यातली. दुकानातल्या मुलाने चुटकीसरशी मिटून दाखवली. पण भगिनींनो, दुकानातला मुलगा मिटतो तेव्हा सगळ्याच गाड्या मिटतात! मी म्हटले, “तू राहू दे. सूनबाई, ही तांदळाची पिशवी डाव्या कडेवर घे आणि आता मिट.” पहिल्या खेपेला जमले नाही. दुसऱ्या खेपेला दांड्यावरची कळ दाबून तिने मनगट फिरवले, आणि गाडी आपोआप बसली, कडी लागली आणि घडी आपल्या पायांवर उभी राहिली. पिशवी कडेवरच. तिने घडीचा पट्टा खांद्यात अडकवला आणि माझ्याकडे पाहून अशी हसली की किंमत विचारायचे भान मला राहिले नाही. ती ह्यांनी विचारली.

आता या धडपडीत जे शिकले ते इथे लिहून ठेवते. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मूल सहा महिन्यांच्या आतले असेल, मान नीट सावरत नसेल, तर गाडीची पाठ जवळजवळ सपाट झालीच पाहिजे. बसत्या गाडीत तान्ह्याची मान पुढे पडून श्वासाला अडथळा होऊ शकतो. पट्टे पाच हवेत: दोन खांद्यांवरून, दोन कमरेला, एक मांड्यांमधून. कमरेचाच पट्टा असला तर मूल खाली घसरते. ब्रेक लावून गाडी ओझ्यासह ढकलून पाहावी. उघडल्यावर कडी पक्की बसल्याचा ‘खट्’ आवाज ऐकूनच मूल आत ठेवावे.

मिटताना-उघडताना मूल बिजागरीपासून दूर हवे. ही बारीक गोष्ट नाही. 2009 साली अमेरिकेत एका प्रसिद्ध कंपनीला सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांना झाकणे पुरवावी लागली, कारण काही मुलांची बोटांची टोके त्यांत सापडून तुटली होती.

दांड्याला पिशव्या अडकवण्याचा मोह आवरावा. हलकी गाडी मागच्या मागे उलटते, विशेषतः मुलाला उचलल्यावर. उन्हात गाडीवर दुपटे पांघरण्याची आपली जुनी सवयही वाईट. आत वारा खेळत नाही आणि बघता बघता भट्टी होते. छताची सावली पुरे. सरकत्या जिन्यावर गाडी चढवू नये. लिफ्ट शोधावी, नाहीतर मूल कडेवर आणि गाडी मिटलेली. फलाटावर गाडी रुळांकडे तोंड करून कधीही उभी करू नये. रुळांना समांतर ठेवावी, ब्रेक लावावा आणि तरीही दांड्यावरचा हात काढू नये. विमानाने जायचे असेल, तर गाडी आत नेता येईल की दाराशी द्यावी लागेल, हे तिकीट काढतानाच विचारावे. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे.

आणि या आटोपशीर गाडीत दोषच नाहीत असे मी म्हणणार नाही. तिची चाके लहान, म्हणून फुटक्या पदपथावर ती अडखळते. खालचे टोपलेही नावापुरतेच. यासाठी जुनी तेरा किलोची गाडी आम्ही दिली नाही. संध्याकाळी सोसायटीच्या आवारात तिच्यातून छकुलीची स्वारी निघते आणि ढकलणारे आजोबा साहेबाच्या बंगल्यातल्या आयेपेक्षाही ऐटीत चालतात.

पुढच्या शुक्रवारी सूनबाई एकटी निघाली. मी पहाटे दशम्या करून दिल्या आणि दिवसभर माझे लक्ष घरात नव्हते. दुपारी तिचा फोन आला. म्हणाली, “आई, दादरला मी कुणाला हाकसुद्धा मारली नाही. गाडी खांद्यावर, छकुली कडेवर, आणि जिना चढून गेले.”

“बरं झालं गं बाई,” मी म्हटले. “आणि आई कशा आहेत?”

ती क्षणभर गप्प राहिली. मग तिने फोनमधून चित्रच दाखवले. विहीणबाई खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. समोर बाबागाडीत छकुली झोपलेली आणि विहीणबाई डाव्या हाताने गाडी हळूहळू पुढे-मागे हलवीत होत्या. आजारपणानंतर नातीला घेता येत नाही, याचे त्यांना फार दुःख होते. “ही गाडी माझ्यासाठीच आणलीत की काय?” त्या अडखळत्या जिभेने म्हणाल्या. मी हो म्हटले.

एका हाताने मिटणारी गाडी आम्ही सूनबाईसाठी शोधली. एका हाताने हलणारी गाडी तिच्या आईला हवी होती, हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आले नव्हते.

भगिनींनो, यंदा भाऊबीजेला सूनबाई छकुलीसह दादरला असेल. आमच्या घरी पाटाभोवती रांगोळी थोडी कमी दिसेल, पण मला त्याची रुखरुख नाही. तुमच्या घरी तान्हे मूल असेल आणि त्याची आई ‘आता नको, पुढे बघू’ म्हणत माहेरची वाट टाळत असेल, तर तिला एकदा विचारा, नेमके अडते कुठे? पुष्कळदा ते एखाद्या जिन्यापाशीच अडलेले असते.

दिवाळीच्या सर्वांना शुभेच्छा. चकलीचा सोऱ्या वाट पाहतो आहे.