उद्गारचिन्हाची दादागिरी

विमच्या स्क्रिप्ट लिहिणाऱ्या तमाम मंडळींवर आज जरा तोंडसुख घ्यायचंय. विम म्हटलं की ज्यांना भांडी घासायचा साबण आठवतो त्यांनी हा लेख सोडला तरी चालेल. बाकीच्यांनी बसा.

माझं भांडण एकाच शब्दाशी आहे. 'सायलेंट', आणि त्याच्या शेपटीला लावलेलं उद्गारचिन्ह. नुसतं 'सायलेंट' लिहिलं तर नेहमीचे मेसेज दिसत नाहीत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण 'सायलेंट!' लिहिलं की एररचे मेसेजही गायब होतात आणि स्क्रिप्ट काहीच झालं नाही अशा थाटात पुढच्या ओळीवर जाते. कुणाच्याही डॉटफाइल्स उघडून बघा, हळदीकुंकवासारखं वाटलेलं असतं हे.

गंमत म्हणजे विममध्ये हे उद्गारचिन्ह जागोजागी वेगळं वागतं. 'नॉर्मल!' मध्ये ते शहाणं आहे: वापरणाऱ्याने स्वतःचे मॅपिंग केले असतील तर ते बाजूला ठेवून मूळ कमांड चालवतं. 'राइट!' मध्ये ते जबरदस्ती करतं. 'सायलेंट!' मध्ये सरळ तोंड दाबतं. आपल्या लोकांनी मात्र एकच अर्थ काढला: गाडी अडली की मार उद्गारचिन्ह!

आता नुकसान कसं होतं ते बघा. समजा स्क्रिप्टमध्ये तीन पायऱ्या आहेत. डीबगची ओळ शोध, ती उडव, फाइल सेव्ह कर. पहिल्या पायरीला 'सायलेंट!' लावलंय. एखाद्या फाइलमध्ये ती ओळ नाहीच. विम ई-४८६ देतो, म्हणजे पॅटर्न सापडला नाही, पण ते ऐकणार कोण? कर्सर होता तिथेच राहतो. फाइल नुकतीच उघडलेली असेल तर बहुधा पहिल्या ओळीवर. दुसरी पायरी इमानेइतबारे ती ओळ उडवते. तिसरी पायरी ते सेव्ह करते. झालं कल्याण. शेल स्क्रिप्ट असेल तर कुठल्या शेलने चालवायचं ते सांगणारी ओळच गेली.

माझ्या एका जुन्या प्रोजेक्टवर (नाव नको) नेमकं हेच झालं. दुसऱ्या टीमकडून 'टेस्टेड' म्हणून आलेली स्क्रिप्ट एका फ्रेशर पोराने सांगितल्याप्रमाणे सर्व्हरवर चालवली. स्क्रीनवर एकही एरर नाही. रात्री सर्व्हिसेस उठेनात, तेव्हा बोलणी कुणी खाल्ली? त्या पोराने! "तू नीट बघितलं नाहीस." अरे, बघणार काय? बघण्यासारखं जे होतं ते स्क्रिप्टनेच गिळलं होतं. माझा राग आहे तो इथे. एरर लपवली म्हणून चूक नाहीशी होत नाही, ती फक्त दुसऱ्याच्या नावावर चढते. आणि तो दुसरा बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात ज्युनियर असतो.

बरं, पर्याय नाहीत असंही नाही. शोधून बदलायच्या कमांडला 'ई' फ्लॅग आहे. तो फक्त 'सापडलं नाही' एवढीच तक्रार दाबतो, फाइल बदलायला बंदी असेल तर ई-२१ येतोच. ट्राय, कॅच, फायनली तर २००३ साली आवृत्ती ६.२ पासून आहेत. पण कॅचसुद्धा नेमका लिहा राव! पॅटर्न न देता लिहिलेला कॅच कंट्रोल-सीसुद्धा पकडतो, म्हणजे घाबरून थांबवायला गेलेल्या माणसाचे हातही बांधले. आणि ट्रायच्या आत 'सायलेंट!' लिहिणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. तिथे एररचं एक्सेप्शन होतच नाही, तुमचा कॅच शोभेपुरता.

जुन्या विमस्क्रिप्टमधल्या फंक्शनला 'अ‍ॅबॉर्ट' लावलं नाही तर एरर आल्यावरही ते पुढे चालत राहतं. २०२२ साली आलेल्या विम ९.० मधली 'डेफ'वाली फंक्शन्स पहिल्याच एररला थांबतात. मूळ रचनेतली खोड खुद्द ब्रॅम मोलेनार यांनी सुधारली, आपण कधी सुधारणार?

फाइल लिहितानाही तेच. 'राइटफाइल' फंक्शन फसलं तर उणे एक परत देतं, ते तपासायला एक ओळ लागते. महत्त्वाची फाइल असेल तर त्याच डिरेक्टरीत तात्पुरती फाइल लिहा, नीट लिहिली गेली याची खात्री करा आणि मग रीनेम करा. युनिक्सवर एकाच फाइलसिस्टिममधला रीनेम अर्धवट होत नाही, जुनी फाइल तरी असते नाहीतर नवी तरी. फक्त सिमलिंक आणि परमिशन्स सांभाळा. बॅच चालवत असाल तर गडबड झाल्यावर 'सीक्विट'ने बाहेर पडा, म्हणजे बोलावणाऱ्या शेलला नापास झाल्याचं कळेल.

यावर ठरलेली उत्तरं येतात. "गिट आहे ना!" गिटला कमिट केलेलंच माहीत असतं, आणि सर्व्हरवरची सगळी कॉन्फिग गिटमध्ये असते असं छातीवर हात ठेवून कोण सांगेल? "अनडू आहे ना!" विम बंद झाल्यावर नाही, मुद्दाम अनडूफाइल चालू केली असेल तरच. "माझी स्क्रिप्ट आहे, मी एकटाच वापरतो." हे सगळ्यात खोटं. चालणारी स्क्रिप्ट पंधरा दिवसांत मेलवरून अख्ख्या मजल्यावर पोचते.

अर्थात 'सायलेंट!' ला जागा आहे. रंगसंगती सापडली नाही तर नसू दे, तिथे खुशाल लावा. कुणाचा एक बाइटही जात नाही. फाइल बदलणाऱ्या ओळीवर मात्र नाही म्हणजे नाही.

असो. आज सुट्टीच आहे, तर एक काम करा. तुमच्या विमआरसीत 'सायलेंट!' शोधा आणि प्रत्येक जागी स्वतःला विचारा, इथे मी नेमकी कुठली एरर दाबतोय? नंबर सांगता आला तर तेवढ्याच एररचा कॅच लिहा. सांगता आला नाही तर उद्गारचिन्हासकट तो शब्द काढून टाका, आणि सोमवारी काय काय ओरडतंय ते ऐका.