गाजर गवत मेलं, पण मोकळ्या जागेचं काय?

एनएसएसचं श्रमदान आठवतंय का? दिवाळीच्या आसपासचा रविवार, हातात विळे, समोर कमरेएवढं गाजर गवत. दोन तासांत सगळं उपटून ढीग लावायचा, फोटो काढायचा आणि वडापाव खायचा. फोटो झकास येतो, पण गवतालाही आपण मदत करून आलेलो असतो. तोपर्यंत पांढरी फुलं वाळून त्यात बी धरलेलं असतं. एका झाडाला हजारो बिया, त्याही धुळीसारख्या बारीक. ओढताना, ढीग वाहून नेताना त्या आपणच वाटभर पेरतो. हेच काम जुलैमध्ये, फूल येण्याआधी केलं असतं तर खरंच उपयोग झाला असता. तेव्हा माती ओली असते, मूळही सहज निघतं. पण जुलैमध्ये चिखल असतो आणि अॅडमिशनची धावपळही, म्हणून शिबिरं हिवाळ्यात!

गाजर गवताची भारतातली वाटचाल पुण्याशी जोडलेली आहे. १९५०च्या दशकाच्या मध्यात ते इथे नजरेत भरलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं सगळे सांगतात, त्यावरून 'काँग्रेस गवत' हे नावही चिकटलं. आज ते देशभर रस्त्याकडेला, रेल्वे रुळांजवळ, गायरानात, कॉलेजच्या पार्किंगमागे आहे. अंगाला खाज, दमा, जनावरांच्या चाऱ्याची वाट लागणं, हे सगळं खरं आहे. त्यामुळे ते काढायला हवं, यात वाद नाही. प्रश्न कसं काढायचं हा आहे.

सर्वांत सोपा मार्ग फवारणी. पाठीवर पंप, बाटलीत ग्लायफोसेट, आठवडाभरात सगळं पिवळं. पण हे औषध तण आणि गवत असा भेद करत नाही. पानातून आत जाऊन मुळापर्यंत पोहोचतं आणि वाटेत येईल ती हिरवी वनस्पती मारतं. म्हणजे गाजर गवताबरोबर कुंदा, पवना, टाकळा हेही जातात. जमिनीतल्या बियांना मात्र ते काहीच करत नाही. पुढचा पाऊस पडला की उघड्या जमिनीवर सगळ्यात आधी उगवतं कोण? तेच! मधल्या काळात मुळांनी धरलेली माती सुटते, उतारावरून नाल्यात जाते. काही ग्लायफोसेट औषधांत पान ओलं करायला जो साबणासारखा घटक घालतात, तो बेडकांच्या पिल्लांना घातक ठरल्याचं अभ्यासांत दिसलंय. माणसांबाबत वाद आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं, युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेला तसं वाटलं नाही. आपल्याकडे केंद्राने ऑक्टोबर २०२२मध्ये अधिसूचना काढली, की ते फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांनीच मारायचं. आपल्या कॅम्पसच्या कुंपणाला ते कोण मारतं, हे कधी बघितलंय?

जाळणं तर त्याहून वाईट. टेकडीवर वणवा लागला की जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोलांची अंडी जातात. धूर वेगळाच.

मग उरतो भुंगेरा. १९८०च्या दशकात बंगळूरुला मेक्सिकोतून झायगोग्रामा नावाचा भुंगेरा आणला, चाचण्या घेतल्या आणि सोडला. तो गाजर गवताची पानं फस्त करतो. पुढे कर्नाटकात तो सूर्यफुलावर दिसला तेव्हा शेतकरी घाबरले, चौकशी समिती बसली. शेवटी त्याच्यावरचा ठपका टिकला नाही. मर्यादा आहेतच. पावसाळा सरला की तो जमिनीत जाऊन झोपतो आणि गवत मात्र पाणी मिळेल तिथे बाराही महिने वाढतं. शिवाय आपण जिथे फवारतो, तिथे त्याचं जेवणच संपतं. एका हाताने सोडायचा, दुसऱ्या हाताने उपाशी मारायचा.

जंगलातल्या घाणेरीचं कोडं आणखी अवघड आहे. तिची फळं बुलबुल खातात, फुलांवर फुलपाखरं येतात. ती एकदम साफ केली तर त्यांचा आसरा जातो. ठेवली तर खाली गवत उगवत नाही, हरणांना चरायला काही राहत नाही. म्हणून जाणकार मुळाशी जमिनीखाली तोडून झुडूप उलटं करून ठेवायला सांगतात आणि लगेच तिथे स्थानिक गवत लावायला. हे 'लगेच'च बहुतेक ठिकाणी राहून जातं, कारण काढायला पैसे मिळतात, पुढची दोन-तीन वर्षं राखायला मिळत नाहीत.

गाजर गवताच्या जागी टाकळा पेरायचा सल्ला कृषी शास्त्रज्ञ बरीच वर्षं देतायत. पावसाळ्याआधी बी टाकलं की तो दाट उगवून गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही. वर त्याची कोवळी भाजीही होते (रस्त्याकडेची मात्र नको). त्याच्या शेंगा दिवाळीनंतर वाळतात. म्हणजे हिवाळी शिबिराला एक काम आहेच: उपटण्याऐवजी बी गोळा करायचं.

आणि जुलैमध्ये पानांवर तपकिरी नागमोडी रेघांचा मळकट पांढरा भुंगेरा दिसला, तर पंपवाल्या काकांना तेवढी जागा सोडायला सांगा.