काळी काही सांगत नाही

लहानपणी आमच्या गल्लीत रात्री कुत्रं रडायला लागलं की आजी अंथरुणात उठून बसायची आणि म्हणायची, "कुणाचं तरी भरत आलंय गं!" मग घरातलं कुणीतरी बाहेर जाऊन त्या कुत्र्याला दगड मारून यायचं. ज्याचं भरत आलंय त्याच्याकडे जाऊन कुणी बघितल्याचं मात्र मला आठवत नाही.

हे आत्ता आठवलं ते आमच्या भाच्यामुळे. परवा फोनवर म्हणाला, "मामी, मोत्या गेला, आता मामांसाठी एक लॅब्रेडॉर आणून देतो. तो बरोबर सांगेल." हेतू चांगला, पण मला पटलं नाही. का पटलं नाही ते फोनवर सांगता येईना (लिहिल्याशिवाय माझं डोकं चालत नाही, जुनी खोड), म्हणून इथे लिहितेय.

ह्यांना बरीच वर्षं मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. चारेक वर्षांपूर्वी एका पहाटे मोत्या माझं पांघरूण ओढायला लागला. दोनदा हाड् हाड् केलं. तिसऱ्यांदा उठले तीसुद्धा त्याला बाहेर हाकलायलाच. बघते तर हे घामानं चिंब, आणि हाक मारली तर भलतंच काहीतरी पुटपुटतायत. शुगर ४६! साखरेचं पाणी घोट घोट पाजलं, वीसेक मिनिटांनी माणूस ताळ्यावर आला. झालं, तेव्हापासून नातेवाइकांत मोत्या थेट दत्तगुरूंच्या पायाशी जाऊन बसला.

काळी ही मोत्याची सख्खी बहीण. आमच्या जिन्याखाली एकाच वेताची दोघं, अस्सल गावठी, एकाच ताटलीत भाकरी खाऊन वाढलेली. पण मोत्या म्हणजे वर्गातला पहिल्या बाकावरचा मुलगा, प्रश्न पुरा व्हायच्या आधी हात वर. आणि काळी शेवटच्या बाकावरची, उत्तर येत असलं तरी तोंड उघडणार नाही. त्या पहाटे ती अंगणात तुळशीपाशी बसून होती. म्हणून ती 'बिनकामाची' ठरली.

पण माझ्याकडे एक वही आहे. त्या दिवसानंतर वर्षभर मी हजेरी मांडावी तसं सगळं मांडलं. मोत्यानं मला सतरा वेळा उठवलं. शुगर खरोखर कमी निघाली पाच वेळा. बाकी बारा वेळा भिंतीवर मांजर होतं, नाहीतर त्यालाच बाहेर जायचं होतं. आणि तीन वेळा मीटरवर शुगर कमी आली तेव्हा हे महाराज दाराशी घोरत पडलेले! नातेवाइकांना ती पाचच माहीत आहेत. शेवटी शेवटी मी काळीसाठीही एक रकाना आखला. ह्यांची शुगर उतरली तेव्हा दोनदा ती खोलीतून उठून अंगणात गेली होती. दोन नोंदींवरून काही सिद्ध होत नाही हे मलाही कळतं. पण तिला कळत नाही असं तरी कशावरून म्हणायचं?

कुत्र्याला वास येतो यात मला शंका नाही. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका बाईची हकीकत आली होती. तिचं कुत्रं तिच्या पायावरचा एकच तीळ कपड्यावरून सारखं हुंगायचं, बाकीच्या तिळांकडे ढुंकूनही बघायचं नाही. तपासला तर कर्करोग निघाला. ते कुत्रं संकरित होतं बरं का. २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सहा कुत्र्यांना मूत्राशयाच्या कर्करोगाचे नमुने वासावरून ओळखायला शिकवलं. नुसत्या अंदाजानं १४ टक्के बरोबर आले असते, त्यांचे ४१ टक्के आले. मोठीच गोष्ट! पण म्हणजे शिकवून तयार केलेली कुत्रीही निम्म्याहून अधिक वेळा चुकली. शुगरचं म्हणाल तर २०१६ मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांना असं आढळलं की शुगर उतरली की श्वासातलं आयसोप्रीन नावाचं द्रव्य वाढतं. मोत्याला बहुधा तसंच काहीतरी जाणवत असावं.

राहता राहिली जात. २०२२ साली 'सायन्स'मध्ये एक अमेरिकन अभ्यास आला. अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले, दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकं तपासली. एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जो फरक, त्यातला जातीमुळे येणारा भाग सुमारे ९ टक्केच निघाला. आम्हाला तर मोत्या आणि काळी बघूनच कळायला हवं होतं. लॅब्रेडॉर आणला आणि तो काळीच्या स्वभावाचा निघाला तर?

आणि खरी भीती वेगळीच आहे. हल्ली मी रात्री तीनला गजर लावून ह्यांचं बोट टोचते. लॅब्रेडॉरचं कानावर पडल्याबरोबर हे म्हणाले, "चला, आता ती तीनची टोचाटोची बंद!" तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. त्या तीन रात्री मोत्या झोपला होता आणि मी जागी होते, हे ह्यांना कुणी सांगायचं? मीच सांगितलं. वही पुढे केली. चष्मा नाही म्हणाले.

असो. रविवारी भाचा येतोय. कुत्रा आणू नकोस, मीटरच्या पट्ट्यांचे दोन डबे आण, असं मी त्याला कळवलंय. ह्यांनीही त्याला वेगळा फोन केला होता, काय सांगितलं ते मला सांगत नाहीत. काळी आता तेरा वर्षांची झाली, ऐकू कमी येतं. माझा गजर वाजला तरी ती हलत नाही. बोट टोचून झाल्यावर दिवा मालवला की तेवढी शेपटी एकदा आपटते.