शाळेत नाव आहे, पण पोरगं बांधावर

गेल्या रब्बीत कांद्याच्या रोपवाटिका बघायला चाकणजवळच्या एका गावात गेलो होतो. बांधावर सात-आठ वर्षांचा मुलगा ठिबकच्या नळीचे तुकडे लांबीप्रमाणे ओळीत लावत बसला होता. मी विचारले, "बाळा, नाव काय तुझं?" त्याने मान वर केली नाही. "बाळा, नाव काय तुझं," असे माझेच शब्द परत म्हणाला. बाप ओशाळला. "साहेब, शाळेत नाव घातलंय, पण घंटा झाली की कान दाबून ओरडतो. घरीच ठेवा म्हणाले. गावात कुणी येडं म्हणतं, कुणी बाहेरचं लागलंय म्हणतं."

दवाखान्यात या मुलाला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम असल्याचे सांगितले होते. ही मेंदूच्या वाढीतली वेगळी ठेवण असते आणि ती लहानपणापासूनच असते. आईने ग्रहण पाळले नाही म्हणून किंवा लस टोचली म्हणून ती होत नाही. अशा मुलाला बोलणे व माणसांत मिसळणे अवघड जाते. आवाज, वास, स्पर्श कधी सोसत नाहीत. ठरलेला क्रम बदलला की ते बिथरते. हे सगळे मुलांत कमी-जास्त असते. काही मुले मुळीच बोलत नाहीत, काही वर्गात पहिली येतात.

कायदा काय सांगतो

1995 च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने तिची दखल घेतली आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारांमध्ये तिचा स्पष्ट समावेश झाला. त्या कायद्याने 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. तिच्यात तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय आहे, पण तो निवडायचा मुलाने व पालकाने. "घरीच ठेवा" असे शाळेने परस्पर ठरवायचे नाही.

आपल्या पट्ट्यात आणखी एक अडचण आहे. चाकण एमआयडीसीमुळे मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेशातून कुटुंबे आली. मूल बोलत नसले की "भाषा नवी आहे, बोलेल हळूहळू" म्हणून दोन-तीन वर्षे निघून जातात. आई-बाप दोघेही पाळीत कामाला, घरात आजी-आजोबा नाहीत. लक्ष देणार कोण? मूल घरच्या भाषेतही बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, तर थांबू नये. अंगणवाडीत वर्षातून दोनदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. त्या दिवशी खाडा करू नका, पथकाला मूल दाखवा.

वर्गात काय जमते

सगळ्या जमिनींना खताचा एकच डोस चालत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वर्गाचेही तसेच आहे. बहुतेक उपायांना पैसा लागत नाही. दिवसभराचा क्रम चित्रांतून भिंतीवर लावावा: प्रार्थना, गणित, खिचडी, खेळ, घर. घंटा होण्याआधी मुलाला सांगावे. बसायची जागा रोज तीच, दारापासून व गोंगाटापासून लांब असावी. एका वेळी एकच सूचना, तीही थोडक्या शब्दांत. "माझ्याकडे बघ" म्हणून हनुवटी धरू नये, न बघताही मूल ऐकत असते. खिचडी खात नसेल तर हट्ट समजू नये, वास वा मऊपणा सोसत नसेल. एक समजूतदार जोडीदार द्यावा. आणि मुलाच्या आवडीतून शिकवावे. नळीचे तुकडे लांबीप्रमाणे लावणाऱ्या पोराला लहान-मोठे आणि मोजणी आधीच येते आहे.

गुरुजींचीही बाजू आहे. दोनशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग एकत्र, त्यात कागदपत्रे. असे मूल कसे शिकवावे हे कुणी दाखवलेले नसते. सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली प्राथमिकला अशा 10 विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले. राज्य सरकारने 2024 च्या ऑक्टोबरात विशेष शिक्षकांची 4860 पदे मंजूर केली, म्हणजे केंद्राला एक. एका केंद्रात कितीतरी शाळा येतात. तेव्हा विशेष शिक्षकाने येऊन वर्गशिक्षकाला रीत दाखवायची आणि रोज ती वर्गशिक्षकाने चालवायची, हाच मार्ग उरतो. त्यासाठी मुख्याध्यापकांनी राजगुरुनगरच्या गट साधन केंद्राकडे लेखी मागणी करावी. तोंडी सांगितलेले विसरले जाते.

पैसा आहे, वाट पाहिजे

इंद्रायणीच्या अलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिका आहे, मोरवाडीत तिचे दिव्यांग भवन आहे. नदी ओलांडली की ग्रामपंचायती लागतात. मोई, निघोजे, कुरुळी, महाळुंगे या भागातल्या पंचायतींना कारखान्यांच्या कराचे उत्पन्न आहे आणि स्वउत्पन्नाचा 5 टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. बऱ्याच गावांत तो वर्षाअखेरीस यादीप्रमाणे सारखा वाटून टाकतात. यादीत नाव येते दाखला असलेल्याचे. स्वमग्न मुलाचा हात-पाय धड, म्हणून दाखलाच काढलेला नसतो. मग पैसा गावात असून मूल कोरडे राहते.

म्हणून आधी दाखला. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून औंधच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. दाखला मिळाला की राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्यात थेरपीचा खर्चही येतो. ग्रामसेवकांनी गट विकास अधिकाऱ्यांना विचारून आराखड्यात दोन कामे धरावीत: थेरपीला जाण्या-येण्याचे भाडे आणि आठवड्यातून एकदा गावातल्या शाळेत येणारा थेरपिस्ट. पाच-सहा गावांनी मिळून एक माणूस ठेवला तर खर्च वाटला जातो. सामाईक विहिरीचे पाणी आपण पाळीने वाटून घेतोच ना?

त्या बापाला मी दाखल्याची वाट सांगितली. एका दिवसाचा रोज बुडेल म्हणून तो कचरत होता. तेवढे भाडे पंचायतीने दिले असते तर पोरगे बांधावर बसले नसते. येत्या ग्रामसभेत एवढेच विचारा: आपल्या गावात शाळेत नाव असून घरी बसलेली मुले किती आणि 5 टक्क्यांतून त्यांच्यासाठी काय केले? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.